पाडव्याला पुरा, दिवाळीनंतर खणा: परसातले सनचोक

"हे तुला आयुष्यभर पुरतील," असं म्हणत शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून एक पिशवी माझ्या हातात दिली. मला ते कौतुक वाटलं. ती ताकीद होती, हे कळायला दोन वर्षं गेली.

पिशवीत मातीनं माखलेले आठ कंद होते. दिसायला थेट आल्याचे गड्डे, पण आल्याचा वास नाही. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, न्यू जर्सीत आलेली. तिनं एक कंद नखानं खरवडला, आतला पांढरा गर बघितला, तुकडा मोडून चावला आणि म्हणाली, "अगं, हे तर शिंगाड्यासारखं कुरकुरीत लागतंय. पण आहे तरी काय?"

ते होते सनचोक. इकडच्या बाजारात कधी 'जेरुसलेम आर्टिचोक' या नावानंही दिसतात. जेरुसलेमशी त्यांचा संबंध नाही आणि ते आर्टिचोकही (जाड पाकळ्यांच्या कळीची इकडची एक भाजी) नाहीत. ही सूर्यफुलाची सख्खी बहीण, शास्त्रीय नाव हेलिअँथस ट्यूबरोसस. फरक इतकाच की सूर्यफुलाचं बी खायचं आणि हिचे जमिनीतले कंद. मूळची उत्तर अमेरिकेचीच. १६०५ साली साम्युएल द शाँप्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी केप कॉडच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या मळ्यांत हे कंद लावलेले होते. चव त्याला आर्टिचोकसारखी वाटली आणि तिथून नावाचा घोळ सुरू झाला. १६१३मध्ये ब्राझीलच्या तुपिनांबा जमातीच्या काही माणसांना पॅरिसमध्ये आणून मिरवलं गेलं. त्याच सुमारास हे कंद तिकडे बाजारात आले होते, म्हणून फ्रेंचांनी त्यांना 'तोपिनांबूर' करून टाकलं. 'सनचोक' हे नाव त्या मानानं अगदी अलीकडचं. कॅलिफोर्नियातल्या भाजीच्या व्यापारी फ्रीडा कॅप्लन यांनी १९६०च्या दशकात ते बाजारात रुळवलं.

अमेरिकेत किंवा कॅनडात नुकतंच मागे अंगण असलेलं घर घेतलंय, बागेची फारशी सवय नाही, पण स्वतः लावलेलं काहीतरी ताटात पडावं असं वाटतंय, अशांसाठी हे लिहितेय. सनचोक लावायला काहीही अक्कल लागत नाही. ती लागते जागा निवडताना आणि नंतर खाताना. त्यामुळे या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे, बाकीचं भराभर.

आधी जागा, मग बाकी सगळं

एक गोष्ट मनाशी पक्की करा: सनचोक जिथे लावाल तिथे ते कायमचे राहणार. बटाटे दरवर्षी वेगळ्या वाफ्यात लावता येतात, यांचं तसं नाही. कितीही नीट खणलं तरी सुपारीएवढे चार-दोन कंद मातीत राहतातच आणि पुढच्या वसंतात तेवढे पुरतात. शिवाय कंद खोडाच्या बुडाशीच धरतात असं नाही. जमिनीखालून आडव्या मुळ्या फूट-दीड फूट जातात आणि त्यांच्या टोकांनाही धरतात. गावाकडे हरळी बघितली असेल तर अंदाज येईल.

मी पहिल्या वर्षी हे आठ कंद भाजीच्या मुख्य वाफ्यात, टोमॅटोच्या शेजारी लावले. शरद ऋतूत काढणी केली, सगळे निघाले असं समजले आणि पुढच्या वसंतात भाड्यानं यंत्र आणून वाफा छान नांगरून घेतला. यंत्राच्या पात्यांनी मातीत उरलेल्या कंदांचे बारीक तुकडे केले आणि वाफाभर पेरले. मे महिन्यात टोमॅटोची रोपं लावायला गेले तर सगळीकडे तेच खरखरीत पानांचे कोंब. म्हणून सांगते, सनचोकच्या जागी टिलर कधीही फिरवू नका.

मग लावायचे कुठे?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे चारही बाजूंनी हिरवळ असलेला स्वतंत्र वाफा. हिरवळ दर आठवड्याला कापलीच जाते, त्यामुळे वाफ्याबाहेर डोकावणारा कोंब त्यातच जातो. मुद्दाम काही करावं लागत नाही. गॅरेजची भिंत आणि सिमेंटचा ड्राइव्हवे यांच्यामधली पट्टीही उत्तम. तसं काही नसेल तर वाफ्याच्या कडेनं बांबू अडवायला मिळतो तो जाड प्लास्टिकचा पत्रा दोन फूट खोल पुरावा. खर्चाचं आणि कंबर मोडणारं काम आहे. माझं मत विचाराल तर आधी हिरवळीचा उपाय करून बघा.

उन्हाचा हिशोबही करा. झाड सहा ते दहा फूट उंच जातं. इकडे सूर्य दक्षिणेकडून येतो, म्हणून सनचोक बागेच्या उत्तरेच्या कडेला, म्हणजे सावली आपल्या भेंडी-मिरचीवर पडणार नाही. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. कमी उन्हात झाड जगतं, पण कंद बोटभरच धरतात.

टाउनहाउसमध्ये राहत असाल किंवा सोसायटीचे नियम आडवे येत असतील तर कुंडी. १५ ते २० गॅलनची मोठी कुंडी घ्या, खाली भरपूर भोकं असू द्या आणि एका कुंडीत दोन-तीनच कंद लावा. कुंडी थेट मातीवर ठेवू नका. खाली फरशी घाला, नाहीतर मुळ्या भोकातून जमिनीत उतरतात. कुंडीतलं पीक कमी येतं, पण रात्री झोप लागते.

आणि खोल खणणार असाल तर काही दिवस आधी ८११ला फोन करा. अमेरिकेत ही सेवा फुकट आहे. गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा जमिनीत कुठून गेल्यात त्यावर रंगीत खुणा करून देतात. दोन फुटांची चर मारताना इंटरनेटची वायर तुटली तर घरातले बाकीचे लोक सनचोकचं नाव काढू देणार नाहीत.

बेणं कुठून आणायचं

शेजारी कुणाकडे असतील तर प्रश्नच मिटला. ज्याच्याकडे आहेत तो नाही म्हणणारच नाही. नाहीतर शरद ऋतूत आणि हिवाळ्यात किराणा दुकानात किंवा शेतकरी बाजारात खायला विकतात तेच कंद चालतात. घट्ट, न सुरकुतलेले, डोळे स्पष्ट दिसणारे बघून घ्या. बुरशीचा पांढरा कापूस किंवा मऊ डाग असेल तर तो कंद नको.

ऑनलाइन बियाणेवाल्यांकडे जातीही मिळतात. मला तीन ठाऊक आहेत. 'स्टॅम्पीड' लवकर तयार होणारी, थंडी लवकर पडते अशा मिनेसोटा, ओंटारिओसारख्या भागांना बरी. 'ड्वार्फ सनरे' बुटकी, कुंडीला आणि वाऱ्याच्या जागेला सोयीची. आणि 'रेड फ्युझो', लालसर सालीची, लांबट आणि गुळगुळीत. नवख्या माणसानं शक्यतो हीच घ्यावी, कारण गुठळ्या-गुठळ्यांच्या कंदांच्या खाचांतली माती काढताना जीव मेटाकुटीला येतो. पहिल्या वर्षी चार माणसांच्या घराला पाच-सहा कंद पुष्कळ झाले. एकेका झाडाला दोन ते पाच पौंड कंद सहज निघतात.

यावरून जॉन गुडयर या इंग्रज वनस्पतिअभ्यासकाची गोष्ट आठवते. १६१७ साली लंडनच्या एका स्नेह्यानं त्याला असे दोन छोटे कंद दिले. एक त्यानं लावला, दुसरा एका मित्राला देऊन टाकला. त्या एका कंदातून इतकं पीक आलं की आपण सगळ्या हॅम्पशायर परगण्याला बेणं पुरवलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. याच गुडयरनं कंदांबद्दल आणखीही काही लिहिलंय, ते पोटाच्या विषयात येईलच.

लावणी

मुहूर्त गुढीपाडव्याचा. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या पट्ट्यात त्याच सुमारास माती हाताळण्याजोगी होते. शेवटचा फ्रॉस्ट (रात्रीत दंव गोठवणारी थंडी) अजून व्हायचा असतो, पण त्याची काळजी नको. कंद जमिनीखाली आहेत आणि थंडीला भीत नाहीत. शिकागो, टोरांटो, मिनिआपोलिसकडच्या लोकांनी अक्षय्यतृतीया धरावी. तारखेपेक्षा माती बघा. मूठभर माती दाबून लाडू वळा आणि बोटानं टोचा. भुगा झाला तर लावा. गोळा तसाच चिकट राहिला तर आठवडाभर थांबा, नाहीतर बेणं कुजतं.

१. वाफा एक फूट खोल खणून भुसभुशीत करा. आमच्यासारखी चिकणमाती असेल तर दोन-तीन इंच कंपोस्ट मिसळा. झाडाला फरक पडत नाही, पण काढणीच्या वेळी तुम्हाला पडेल: घट्ट मातीत कंद वेडेवाकडे वाढतात आणि निघताना तुटतात.

२. मोठे कंद कापले तरी चालतात. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे हवेत आणि तुकडा साधारण दोन औंसांचा, म्हणजे अंड्याएवढा. कापलेले तुकडे फार वेळ उघडे ठेवू नका. बटाट्याचं बेणं दोन दिवस सुकवतात, यांची साल पातळ असल्यानं हे सुकून सुरकुततात.

३. चार ते सहा इंच खोल, डोळे वरच्या बाजूला. उलटा पडला तरी कोंब वळून वर येतोच. दोन कंदांत दीड फूट, दोन ओळींत तीन-चार फूट अंतर.

४. माती लोटा, पाणी द्या, आणि कुठे लावलेत त्याची खूण करा. दोन-तीन आठवड्यांत, गारठा असेल तर आणखी उशिरा, कोंब वर येतात.

खताचा मोह टाळा. हिरवळीवर टाकतात तसलं नत्र भरपूर असलेलं खत दिलं की झाड ताडमाड होतं आणि खाली काही नसतं. वसंतात एकदा कंपोस्ट, बस्स.

जून ते सप्टेंबर

या काळात झाड आपलं आपण वाढतं. कोंब फूटभर झाले की बुडाशी तीन-चार इंच मातीची भर द्या, म्हणजे वाऱ्यात पडत नाहीत. नंतर झाडांची सावली इतकी दाट पडते की तण उगवतच नाही.

पाणी जूनमध्ये विसरलात तरी चालेल, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नको. दिवस लहान व्हायला लागले की झाड कंद भरायला घेतं आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण भारतवारीहून परतलेले, जेट लॅगमध्ये, पाइप सोडायला विसरलेले असतो. आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस धरून.

उंची नको असेल तर जूनच्या शेवटी, झाड चार-पाच फुटांवर गेलं की वरचा तिसरा हिस्सा छाटा. बाजूनं फांद्या फुटतात आणि झाड ठेंगणं, भक्कम राहतं. हे काम पूर्ण बाह्यांच्या शर्टात करा. पानं-खोडं खरखरीत आणि केसाळ असतात, मला तर कोपरापर्यंत खाज सुटते. काही जण कळ्याही खुडतात, म्हणजे सगळा जोर कंदांत जाईल. मी खुडत नाही. सप्टेंबरमध्ये दोन-तीन इंचांची पिवळीधमक फुलं येतात, मधमाश्या तुटून पडतात, आणि नवरात्रात घटाला घरची माळ होते. इकडे झेंडू मिळवायला किती धावपळ करावी लागते ते ज्याचं त्याला माहीत. पाव पौंड कंद कमी मिळाले तर मिळाले.

उपद्रव तीन. हरणं कोवळे शेंडे खातात. जूनपर्यंत जाळी लावा, पुढे झाड त्यांना पुरून उरतं. ओल्या वसंतात शेंबड्या गोगलगाई कोंब कुरतडतात, संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा. आणि ऑगस्टच्या शेवटी पानांवर भुरी पडते. पिठासारखी पांढरी बुरशी दिसली म्हणून घाबरून फवारणी करायची गरज नाही, कंद भरत राहतात. मात्र खोडाच्या बुडाशी पांढरा कापूस आणि त्यात काळे दाणे दिसले तर ते झाड कंदांसकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते.

काढणी

ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना घाई होते. फुलं गळली, पानं तपकिरी व्हायला लागली, आता खणू या. थांबा. झाड सुकत असतानाच खोडातला साठा खाली कंदात उतरत असतो. एक-दोन कडक फ्रॉस्ट होऊन झाड काळं पडू द्या आणि त्यावर दोन आठवडे जाऊ द्या. आमच्याकडे घड्याळं तासभर मागे करतो, त्याच्या पुढेमागे हे येतं, म्हणजे फराळाचे डबे रिकामे झालेले असतात तेव्हा. थंडीनं कंदातलं इन्युलिन (बटाट्यातल्या पिष्टाच्या जागी यांच्यात असतो तो साठा) थोडंथोडं साखरेत बदलतं, म्हणून उशिरा काढलेले कंद गोड लागतात आणि पोटालाही जरा कमी छळतात.

खोडं फूटभर ठेवून वरून कापा. हा बुंधा मूठ म्हणून उपयोगी पडतो. फावडं वापरू नका, त्यानं कंद चिरतात. चार दात्यांचा गार्डन फोर्क घ्या आणि बुंध्यापासून दीड फुटावर, कडेनं, सरळ खाली दाबा. मग दांडा आपल्याकडे ओढत माती उचकटा. चारही बाजूंनी असं झालं की बुंधा दोन्ही हातांनी धरून वर उचला.

पहिल्यांदा ते बघताना फार मजा येते. बुंध्याला घोस लागल्यासारखे बारा-पंधरा कंद लोंबत असतात, काही पांढरे, काही मातकट, एकमेकांना चिकटलेले. आईनं तो घोस हातात धरून उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "याचे पाय कुठे आणि डोकं कुठे?" माझं काम संपलं असं मला वाटलं होतं. तिनं मात्र खुरपं मागून घेतलं, खड्ड्याच्या कडेला पाटावर बसली आणि बोटांनी माती चाळायला लागली. मी सोडलेल्या खड्ड्यातून तिनं आणखी अर्धी बादली काढली. तेव्हापासून माझी पद्धत तीच: फोर्कनं एकदा, हातानं दोनदा.

सगळं एकदम काढायची गरज नाही आणि काढूच नये. लागतील तेवढे खणा, बाकीचे जमिनीत राहू द्या. वाफ्यावर फूटभर वाळका पालापाचोळा पसरला की जमीन गोठायला उशीर लागतो आणि जानेवारीत, मध्येच एखादा उबदार आठवडा आला की ताजे कंद काढता येतात. अडचण एकच, पाचोळ्याखाली व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर येतात आणि आपल्या आधी जेवून जातात. त्रास असेल तर लावणीच्याच वेळी वाफ्याच्या तळाला अर्ध्या इंचाची तारेची जाळी घाला. उरलेलं पीक मार्चमध्ये, कोंब फुटायच्या आत काढा. कोंब फुटले की कंद पोचट होतात.

साठवण

बटाट्यासारखे टोपलीत टाकाल तर आठवड्यात सुरकुतून जातील. साल इतकी पातळ की पाणी धरून ठेवत नाही. काढल्यावर धुऊ नका, सुटी माती फक्त झटका. प्लास्टिकच्या पिशवीत, ओलसर पेपर टॉवेलसकट, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे राहतात. जास्त असतील तर बादलीत ओलसर वाळूचे थर देऊन गार तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवा. पण जमिनीइतकं चांगलं कोठार नाही.

आता पोटाचा विषय

हे नीट वाचा, गाळू नका. बटाट्यात पिष्ट असतं, सनचोकमध्ये त्याऐवजी इन्युलिन. ते लहान आतड्यात पचत नाही. तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते आणि वायू तयार होतो. गुडयरला हे तेव्हाच कळलं होतं. कसंही शिजवून खाल्लं तरी पोटात घाणेरडा वारा धरतो आणि हे माणसांपेक्षा डुकरांनाच बरं, असं त्याचं मत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्समधले बटाटे उचलून नेले, तेव्हा तिथल्या लोकांनी हे कंद खाऊन दिवस काढले. त्या पिढीतल्या अनेकांनी नंतर ते ताटात येऊ दिले नाहीत.

आमच्याकडचा प्रसंग संक्रांतीचा. बारा-चौदा जण जेवायला. मी हौसेनं सनचोकची मोठी परातभर काचऱ्या केल्या, सगळ्यांनी दोनदा वाढून घेतल्या. रात्री दहाच्या सुमारास दिवाणखान्यात एक विचित्र शांतता पसरली. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी एक काका उठले, "जरा मोकळ्या हवेत फिरून येतो," म्हणाले आणि उणे पाच अंशांत बाहेर गेले. त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघे.

वालाची उसळ, मुळा, कच्चा कांदा पचवणाऱ्यांनीही इथे शूरपणा करू नये. पहिल्या दिवशी माणशी दोनच छोटे कंद. दोन दिवस थांबा, बरं वाटलं तर थोडं वाढवा. सवयीनं बहुतेकांना त्रास कमी होतो, काहींना होतच नाही आणि काहींना कधीच झेपत नाही. आतडी नाजूक असतील, आयबीएस (पोट वारंवार बिघडवणारा आतड्यांचा विकार) असेल तर नादी न लागलेलं बरं. "मधुमेहाला चांगलं" अशी याची ख्याती आहे, कारण इन्युलिननं बटाट्यासारखी साखर चढत नाही. पण म्हणून औषधाच्या जागी कंद खाऊ नका.

त्रास कमी करायचे उपाय असे. कंद फ्रॉस्टनंतरच काढा आणि काही आठवडे थंडीत राहू द्या. शिजवताना भरपूर पाण्यात लिंबू पिळून पंधरा मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. इन्युलिन गरम पाण्यात विरघळतं, त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं आणि लिंबामुळे फोडींचा लगदा होत नाही. हिंग आणि ओवा मी सढळ हातानं घालते. त्यानं बरं वाटतं, पण परातभर खाल्ल्याचं पाप ते धुऊन काढत नाहीत.

सगळ्यात चांगला उपाय लोणचं. कंद ब्रशनं घासून पातळ चकत्या करा, बरणीत भरा, मोहरीची भरड, हळद, हिरव्या मिरच्या, आल्याचे काप घाला. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून ते वर येईल इतकं ओता. चकत्या पाण्याखालीच राहायला हव्यात, वर छोटी वाटी दाबून ठेवा. आठवडाभर ओट्यावर, रोज झाकण सैल करून वायू सोडा, मग फ्रिजमध्ये. जिवाणू बरणीतच बरंचसं इन्युलिन खाऊन टाकतात, म्हणजे जे पोटात व्हायचं ते बरणीत होतं. वास बिघडला किंवा रंगीत बुरशी आली तर सरळ फेका. दक्षिण कॅरोलायनातल्या जुन्या घरांत याच कंदांचं मोहरी-हळद घातलेलं लोणचं पिढ्यान्‌पिढ्या करतात, हे मला नंतर कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? आणखी कशात घालणार?"

काचऱ्यांसाठी उकळून निथळलेल्या चकत्या लोखंडी तव्यावर मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत, झाकण न ठेवता, कडा लालसर होईपर्यंत परता. लोखंडात फार वेळ ठेवलं तर रंग काळपट पडतो, म्हणून झालं की लगेच काढा. कोशिंबीर कच्च्या कंदाची: किसून, दाण्याचं कूट, लिंबू, वरून जिऱ्याची फोडणी. पण ती चमचा-दोन चमचेच. कापलेल्या फोडी लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर तांबूस पडतात. साल काढायची गरज नाही.

उपासाला चालतं का, हा प्रश्न दर एकादशीला कुणीतरी विचारतंच. बटाटा, रताळं, साबुदाण्याचा कसावा, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलं आणि उपासाला चाललं, तर यानं काय घोडं मारलंय, असं माझं म्हणणं. आईचं म्हणणं वेगळं. तिच्या मते शास्त्राचा प्रश्नच नाही, रिकाम्या पोटी हे खाणं हाच वेडेपणा.

पुढची वर्षं, आणि नको असतील तर

दुसऱ्या वर्षी वेगळी लावणी करावी लागत नाही. राहिलेले कंद आपसूक उगवतात, उलट गर्दीच फार होते. मे महिन्यात कोंब विरळ करा, दीड फुटावर एक ठेवून बाकीचे उपटा. विरळले नाही तर तिसऱ्या वर्षी कंद चिंचोक्याएवढे निघतात. काढणीनंतर वाफ्यात इंच-दोन इंच कंपोस्ट टाका.

हाकलायचेच असतील तर नुसतं शरद ऋतूत खणून भागत नाही. खरी वेळ जूनच्या शेवटची. तोवर जुन्या कंदातला साठा वरच्या वाढीत संपलेला असतो आणि नवे कंद धरायचे असतात. तेव्हा झाड मुळासकट उपटा, पुन्हा कोंब दिसला की पुन्हा उपटा, उन्हाळाभर दर आठवड्याला. नाहीतर त्या जागी हिरवळ पेरा आणि कापत राहा. काढलेले कंद कंपोस्टमध्ये टाकू नका, ते तिथे सुखानं नांदतात. काळ्या पिशवीत बांधून महिनाभर उन्हात शिजू द्या आणि मग कचऱ्यात.

टोमॅटोचा तो वाफा मोकळा करायला मला दोन उन्हाळे लागले. गेल्या जूनमध्ये एकही कोंब दिसला नाही म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. सप्टेंबरमध्ये कंपोस्टच्या ड्रममागे कचरा काढायला वाकले, तर फूटभर उंचीवर एक पिवळं फूल. घटस्थापना दोन दिवसांवर होती, तेवढं ठेवलं.